नूतन गोंदण : सद्योव्रण या दृष्टीने विचार व रोपणकालीन उपचार

खानदेशात गोंदण नवीन नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, शिरपूर या तालुक्यांतील भिल्ल व पावरा स्त्रियांच्या कपाळावर, हनुवटीवर व हातांवर ते पिढ्यान्‌पिढ्या दिसत आले आहे. शेतकरी कुटुंबातील वृद्ध स्त्रियांच्या मनगटावरील तुळस किंवा पतीचे नाव आपण सर्वांनीच नाडी पाहताना पाहिलेले आहे. यात्रेत फिरत्या जमातीतील गोंदणारीण बसत असे. काजळीत माक्याचा वा तत्सम वनस्पतीचा रस मिसळून ती सुईने गोंदत असे, आणि वर हळद-तेल चोळून पाठवीत असे. पुढे काय झाले हे विचारण्यास कोणी वैद्याकडे येत नसे.

आता येतात. जळगाव व धुळे शहरांत यंत्राने गोंदणारी दुकाने झाली. अमळनेरची संत सखाराम महाराजांची वैशाखातील यात्रा, धुळ्याची एकवीरा देवीची चैत्री यात्रा, महाशिवरात्रीच्या सुमारास भरणारी मुक्ताई-चांगदेवची यात्रा, तसेच १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेले व आता नंदुरबार जिल्ह्यात मोडणारे सारंगखेडा, अशा मेळ्यांतून बॅटरीवर चालणारे यंत्र घेऊन बसणारेही आढळतात. गोंदवून घेतलेला तरुण तिसऱ्या-चौथ्या दिवशी हात सुजला म्हणून प्रथम औषधी दुकानात जातो आणि तेथे न भागल्यास आपल्याकडे येतो. त्यामुळे प्रस्तुत विषय चिकित्सक व औषधी विक्रेते या दोघांच्याही विचारार्थ मांडला आहे.

व्रणाचा प्रकार कोणता?

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या दुसऱ्या अध्यायात आगंतु सद्योव्रणाचे छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित व घृष्ट असे सहा प्रकार सांगितले आहेत. सूक्ष्म अग्र असलेल्या शल्याने, आशय सोडून अन्य अंगास झालेला वेध तो विद्ध. घर्षणाने त्वचा जाऊन दाह व स्राव होतो तो घृष्ट. नूतन गोंदण पहिल्या दोन दिवसांत वरून पाहता घृष्टासारखे दिसते. लाली, दाह व लसिकेचा पाझर ही लक्षणे असतात. परंतु मूलतः ते विद्धच होय. यंत्राची सुई सेकंदाला पन्नासहून अधिक वेळा आत-बाहेर होते व सुमारे एक ते दोन मिलिमीटर खोल जाते. म्हणजे एका तळहाताएवढ्या चित्रात सहस्रावधी सूक्ष्म विद्ध व्रण शेजारी शेजारी झालेले असतात. वरून किरकोळ दिसणाऱ्या या व्रणास गांभीर्याने घेण्याचे हे पहिले कारण.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. अन्य विद्ध व्रणांत शल्य बाहेर काढणे हे वैद्याचे प्रथम कर्तव्य. येथे मात्र रंगकण हे शल्य बुद्ध्याच आत ठेवलेले असते, व ते तेथेच राहावे अशी रुग्णाची इच्छा असते. शरीर ते बाहेर टाकण्याचा किंवा गिळण्याचा प्रयत्न करीतच असते. त्वचेच्या खालच्या स्तरातील भक्षक पेशी रंगकण गिळून धरतात. त्या पेशी मेल्या की सुटलेले कण नव्या पेशी पुन्हा गिळतात, असे फ्रान्समधील मार्सेय येथील संशोधकांनी २०१८ साली उंदरांवरील प्रयोगात दाखविले. काही कण जवळच्या लसिकाग्रंथींत जाऊन बसतात. सुश्रुतोक्त सप्तत्वचांशी आधुनिक त्वचास्तरांचा काटेकोर मेळ घालण्याचा मोह टाळावा हे बरे. तथापि, सर्व वर्ण प्रकट करणारी ती अवभासिनी, हे वर्णन गोंदणास चांगले लागू पडते. रंग असतो खाली, दिसतो तिच्यातून.

यावरून चिकित्सासूत्र आपोआप निघते. व्रण शुद्ध आहे, शल्य काढावयाचे नाही, तेव्हा शोधन, लेखन, पीडन, क्षार यांपैकी कशाचीही गरज नाही. रक्षण, शीत उपचार व सौम्य रोपण एवढेच करावयाचे आहे. आपल्याकडे व्रण म्हटला की हात सवयीने शोधनाच्या बाटलीकडे जातो, आणि गोंदणाच्या बाबतीत बिघाडाचा आरंभ बहुधा तेथेच होतो.

नेहमीच्या द्रव्यांविषयी

जात्यादी तेलाची मागणी सर्वाधिक असते, म्हणून प्रथम त्याविषयी. शार्ङ्गधरोक्त पाठात तुत्थ, म्हणजे मोरचूद आहे. नाडीव्रण, दुष्टव्रण, चिघळलेली जखम यांत तुत्थाचे लेखन-शोधन कार्य इष्ट होय. स्वच्छ, नुकत्याच विद्ध झालेल्या त्वचेवर ते निष्कारण क्षोभक ठरते. नूतन गोंदणावर जात्यादी देऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. व्रण दुष्ट झालाच, तर त्याचा विचार वैद्याने रुग्ण पाहून करावा, दुकानदाराने नव्हे.

हळदीचे चूर्ण हा घरोघरचा उपाय. घृष्ट व्रणात वेदना शमविल्यावर चूर्णांचा उपयोग सुश्रुताने सांगितला आहे, त्याचा आधार कोणी देईल. परंतु स्वयंपाकघरातील डब्यातील हळद ही जंतुरहित नसते, भेसळीचा प्रश्न वेगळाच. चूर्ण लसिकेत कालवले जाऊन त्याचा जाड थर वाळतो, आणि तो थर खपलीसह निघताना खालचा रंग घेऊन निघतो. गोंदणात मध्येच पांढरे ठिपके राहिले अशी तक्रार घेऊन येणाऱ्यास काय लावले होते ते विचारावे. उत्तर अनेकदा हळद असेच येते.

हाच न्याय तुरट काढ्यांना. पंचवल्कल व त्रिफळा हे उत्तम कषाय आहेत, पण कषाय रस शोषण करतो, आणि येथे व्रण कोरडा ठणठणीत करणे हे उद्दिष्ट नाही. स्राव दोन दिवसांनंतरही थांबत नसेल, भोवती लाली असेल, तर पंचवल्कलाचा ताजा, वस्त्रगाळ केलेला, पूर्ण थंड क्वाथ दिवसातून एकदा परिषेकासाठी वापरण्यास हरकत नाही. अन्यथा उकळून थंड केलेले पाणी व सौम्य साबण पुरेसा आहे. हे सांगताना काही वैद्यबंधूंना संकोच वाटतो असे दिसते. रुग्णाला पाण्यापलीकडे काही दिले नाही तर तो समाधानी होत नाही, हे खरेच आहे.

कोरफड चांगली, परंतु पान कापल्याबरोबर जो पिवळा चीक गळतो तो (ज्याचा पुढे काळाबोळ होतो) क्षोभक आहे. पान कापून उभे ठेवावे, चीक पूर्ण निथळू द्यावा, पान धुऊन मगच आतील गर घ्यावा. अंगणातील कुंडीतून पान मोडून थेट हातावर चोळणाऱ्यास हे कोणी सांगितलेले नसते.

बिब्याविषयी विशेष सावधगिरी हवी. सुश्रुताने द्विव्रणीय अध्यायातील साठ उपक्रमांत कृष्णकर्म सांगितले व त्यात भल्लातकाची योजना केली, हे वाचून बिबा व गोंदण यांची सांगड घालणारे लोक आहेत. मात्र ते कर्म भरून आलेल्या, श्वेत पडलेल्या व्रणवस्तूसाठी आहे. तेथे भल्लातक गोमूत्राने भावित करून, दुधात ठेवून, मगच त्याचे तेल घेतले आहे. ओल्या व्रणावर कच्चा बिबा लावावा असे तेथे कोठेही म्हटलेले नाही. बिब्याच्या तेलाने फोड, सूज व दूरवर पसरणारा विसर्पासारखा शोथ होतो. धोब्याच्या खुणेने कपडे घालणाऱ्यांस होणारी खाज याच जातीची. भल्लातक व तुत्थ ही दोन्ही द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई-१ परिशिष्टात विषारी द्रव्यांत गणलेली आहेत, याचे स्मरण विक्रेत्यांनी ठेवावे. सैन्यभरतीची तयारी करणारी मुले नको असलेले गोंदण काढण्यासाठी बिबा, चुना किंवा आम्ल मागतात, तेव्हा तर मुळीच देऊ नये. गोंदण जात नाही, व्रण मात्र आयुष्यभराचा राहतो.

मग द्यावे काय? शस्त्रकर्मानंतरच्या वेदनेसाठी यष्टीमधुयुक्त कोमट घृताचे सेचन सुश्रुताने सूत्रस्थानात सांगितले आहे, आणि सुईच्या वेधास याहून जवळचा उपदेश मिळणार नाही. व्यवहारात यष्टीमधुसिद्ध घृत किंवा शतधौत घृत यांचा अगदी पातळ थर द्यावा. तळहाताएवढ्या गोंदणास हरभऱ्याएवढे घृत पुरते. दिवसातून दोन-तीन वेळा, धुऊन व टिपून कोरडे केल्यावरच. शतधौत घृताविषयी एक व्यावहारिक सूचना : त्यात पाणी अडकलेले असते व रक्षक द्रव्य नसते. महिनोन्‌महिने उघड्या बरणीत ठेवलेले व वारंवार बोट बुडविलेले शतधौत घृत हे जंतूंचे वसतिस्थान होय. लहान, बंद नळीत भरावे, निर्मितीची तारीख घालावी, वास बदलताच टाकून द्यावे.

आणि एक सूचना उन्हाळ्यासाठी. चैत्र-वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. अशा वेळी जाड स्निग्ध थर घामासह रोमकूप कोंडतो, घामोळे व पुळ्या उठतात, आणि रुग्ण संसर्ग झाला म्हणून घाबरतो. ग्रीष्मात स्नेह कमी, धुणे अधिक. हेमंतात याच्या उलट.

अवस्थाक्रम

पहिले दोन दिवस लाली, दाह, किंचित सूज व रंगमिश्रित पाझर हे अपेक्षित आहे. गोंदणाऱ्याने घातलेले आवरण त्याने सांगितलेल्या वेळी काढावे. साध्या स्वयंपाकघरातील प्लॅस्टिकचे असेल तर दोन-तीन तासांहून अधिक ठेवू नये. हात धुतल्याशिवाय गोंदणास स्पर्श नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दाह ओसरतो व पातळ खपली धरते. पाचव्या ते दहाव्या दिवसापर्यंत कंडू हे प्रधान लक्षण असते, आणि रुग्णाच्या हातून चूक होण्याचा काळही हाच. व्रणितोपासनीय अध्यायात व्रणास टोचू नये, खाजवू नये असे सांगितले आहे, ते येथे अक्षरशः पाळावे. फार कंडू असल्यास थंड पाण्यात भिजवून पिळलेली स्वच्छ पट्टी पाच मिनिटे ठेवावी. दोन ते तीन आठवड्यांत वरची त्वचा भरते. तोवर नदीचे स्नान व पोहणे वर्ज्य. यात्रेत गोंदवून लगेच तापीत बुडी मारण्याची पद्धत या दृष्टीने अत्यंत अनिष्ट होय. आतील स्तर सांधण्यास याहून बराच अधिक काळ लागतो, म्हणून थेट ऊन महिनाभर तरी टाळावे व सैल, जुना सुती कपडा वरून असावा.

शेतकामाचा विचार आपल्या भागात वेगळा करावा लागतो. रावेर-यावलच्या केळीबागांत काम करणाऱ्यांच्या हातावर केळीचा चीक सतत पडतो. तो डाग पाडतो व चिकटून राहतो. कापसावरील फवारणी तर ओल्या व्रणासह मुळीच करू नये. गोठ्यातील शेण व माती यांचा संपर्क, आणि धनुर्वाताची लस कधी घेतली होती याचा पत्ता नाही, असे असल्यास ती लस प्रथम. यात कमीपणा मानू नये.

आहाराबद्दल रुग्ण हमखास विचारतात, आणि आम्ही बहुधा घाईने उत्तर देतो. जखम झाली की वांगे बंद, ही समजूत गावोगाव आहे. परंतु व्रणितास हितकर शाकांत सुश्रुताने तांदुळजा, चाकवत, पडवळ, कारले यांच्यासोबत वार्ताक, म्हणजे वांगेही घेतले आहे, आणि ही शाके तुपावर परतून सैंधवासह द्यावयाची आहेत. दुसरीकडे नवधान्य, तीळ, उडीद, अम्ल-लवण-कटू रसांचा अतिरेक व मद्य हे अपथ्य. आता आपल्या ताटाचा विचार करावा. वांग्याचे भरीत व कळण्याची भाकरी हे खानदेशचे वैभव. त्यातील वांगे शास्त्रात पथ्यात, तर कळण्यातील उडीद व भरितातील मिरच्या अपथ्यात! पंधरा दिवस भरीत कमी तिखटाचे व भाकरी साध्या ज्वारीची, एवढे सांगितल्यास रुग्ण ऐकतो. दिवसा झोपेने व्रणात कंडू, शोथ, राग व स्राव वाढतो असेही त्याच अध्यायात आहे. रात्रपाळीच्या कामगारास हा नियम लावताना मात्र तारतम्य ठेवावे.

कोणास अधिक जपावे

कुष्ठी, विषार्त, शोषी व मधुमेही यांचे व्रण कष्टसाध्य, हे सुश्रुतवचन सर्वांस परिचित आहे. मधुमेही रुग्णाने पायावर गोंदवू नये असा सल्ला आधीच द्यावा. सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे, आणि त्या रुग्णांत घोट्याजवळचे व्रण दीर्घकाळ भरत नाहीत. तेथील गोंदणाविषयी विशेष काळजी घ्यावी. छाती, खांदा येथे पूर्वीच्या जखमेचा व्रणवस्तू जाड, वर आलेला असल्यास नवे गोंदण तसेच होण्याचा संभव असतो.

रंगाविषयीही विचारावे. लाल रंगाने येणारी प्रतिक्रिया सर्वांत अधिक. पूर्वी गोंदणाच्या लाल रंगात हिंगूळ असे, आपल्या रसशास्त्रातीलच द्रव्य. आता बहुधा कृत्रिम रंग असतात, तरी लालीची खोड गेलेली नाही. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून गोंदणाच्या शाईतील अनेक रसायनांवर निर्बंध घातले. चित्रातील केवळ लाल भागच महिन्यांनंतर उंचावतो, खाजतो, असे दिसल्यास तो संसर्ग समजून प्रतिजैविके देत बसू नये. त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे.

विकृतीची लक्षणे

शुद्ध व्रण दिवसागणिक शांत होतो. तिसऱ्या दिवसानंतर लाली, उष्णता व वेदना उतरण्याऐवजी वाढत असेल, पूय दिसत असेल, ज्वर असेल, व्रणापासून वर चढणारी लाल रेघ किंवा काखेत गाठ असेल, तर वनौषधींवर वेळ दवडू नये. हे सर्वांना ठाऊक असते. उशिरा प्रकट होणारे विकार मात्र निसटतात. दोन-तीन आठवड्यांनंतर, व्रण भरला असे वाटत असताना, केवळ रंग भरलेल्या भागावरच बारीक लाल पुळ्या किंवा गाठी उठल्या व साध्या औषधांना दाद देत नसल्या, तर क्षयाच्या जातकुळीतील जलवासी जंतूंचा संशय घ्यावा. अमेरिकेत न्यू यॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे २०११ च्या अखेरीस एकाच प्रकारच्या पातळ केलेल्या करड्या शाईमुळे १९ जणांस असा संसर्ग झाला होता. आपल्याकडे यात्रेत शाई कोणत्या पाण्याने पातळ करतात हे पाहिल्यास अधिक सांगावयास नको.

याहूनही उशिरा येणारा विकार कुष्ठ होय. छत्तीसगडमधील भिलाई येथून २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात रस्त्यावरील गोंदणाच्या जागीच कुष्ठाचा चट्टा उद्भवलेल्या ३१ रुग्णांचे वर्णन आहे. चट्टा गोंदणानंतर अनेक वर्षांनी येतो, त्यामुळे रुग्ण दोहोंचा संबंध जोडीत नाही. खानदेशातही कुष्ठाचे रुग्ण आजही आढळतात. जुन्या गोंदणावर किंवा त्याच्या कडेने फिकट, बधिर चट्टा दिसल्यास कापसाच्या टोकाने स्पर्शज्ञान तपासण्यास अर्धा मिनिट लागतो. पांडू वर्ण पाहून श्वित्राची चिकित्सा सुरू करण्यापूर्वी तो अर्धा मिनिट अवश्य द्यावा.

राहिला रक्तवाटे होणारा संसर्ग. एकच सुई अनेकांना वापरली गेली असे कळल्यास कावीळ ब व क आणि एचआयव्ही यांचा धोका आहे, व येथे तासांचा हिशेब असतो. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत, तीही जितकी लवकर तितकी चांगली, सुरू करावी लागतात. कावीळ ब ची लसही शक्यतो पहिल्या २४ तासांत. असा रुग्ण यात्रेच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे आला तर व्रणावर लेप लावून आठवड्याने बोलावणे म्हणजे ती वेळ घालविणे होय. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अथवा जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे त्याच दिवशी चिठ्ठी देऊन पाठवावे. पहिली रक्ततपासणी त्याच वेळी होते, पुढील तपासण्या तीन व सहा महिन्यांनी. गोंदणानंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही, हेही सांगून ठेवावे, कारण जयंती-उत्सवांच्या शिबिरांत हीच तरुण मंडळी पुढे असतात.

औषधी विक्रेत्यांसाठी थोडेसे

गोंदण लाल झाले म्हणताच स्टेरॉइड, प्रतिजैविक व बुरशीनाशक एकत्र असलेली नळी काढून देण्याची सवय सार्वत्रिक आहे. स्टेरॉइडने लाली तात्काळ उतरते, रुग्ण प्रसन्न होतो, आणि आत वाढणारा संसर्ग झाकला जातो. शिवाय रोपण मंदावते. २०१८ पासून अशी अनेक स्टेरॉइडयुक्त मलमे शेड्यूल एच मध्ये घेतली आहेत. चिठ्ठीविना ती देणे नियमबाह्यही आहे. दुकानात आलेल्यास चार प्रश्न विचारावेत : गोंदण किती दिवसांचे आहे, कोठे काढले, सुई नवीन पाकिटातून आपल्या डोळ्यांदेखत काढली होती का, आणि आजवर त्यावर काय काय लावले. पहिल्या दोन दिवसांतील साधी लाली असल्यास सौम्य साबण व पातळ घृत, किंवा साधे पेट्रोलियम जेली पुरते. तिसऱ्या दिवसानंतर वाढती लक्षणे, किंवा तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असल्यास काहीही न विकता चिकित्सकाकडे पाठवावे.